पिशवी काढण्यापूर्वी : गर्भाशयमुखाच्या कर्करोगात पहिला निर्णय मोलाचा

नगर शहरातून मनमाड रस्त्याने उत्तरेकडे निघाले की सावेडी लागते. एके काळी शहराबाहेरचे गाव असलेले सावेडी आज महापालिकेच्या हद्दीतील मोठे उपनगर आहे. शहराचे आणि जिल्ह्याचे अहमदनगर हे नाव २०२४ मध्ये बदलून अहिल्यानगर झाले असले, तरी बोलण्यातले 'नगर' कायम आहे. प्रोफेसर कॉलनी, गुलमोहर रस्ता, पाइपलाइन रस्ता या परिसरात प्रसूतिगृहांच्या आणि स्त्रीरोगतज्ज्ञांच्या पाट्या जागोजागी दिसतात. केवळ उपनगरातल्याच नव्हे, तर आसपासच्या तालुक्यांतल्या स्त्रियाही येथे येतात. अंगावरून पांढरे जाते, पाळी संपल्यावर पुन्हा रक्त दिसले, संबंधानंतर रक्तस्राव होतो, अशी तक्रार घेऊन आलेल्या स्त्रीची डॉक्टरांशी पहिली भेट अशाच एखाद्या दवाखान्यात होते. पुढे निदान कर्करोगाचे निघाले, तर त्या पहिल्या भेटीत काय ठरले यावर पुढील सारा उपचार अवलंबून राहतो.

'पिशवी काढून टाकली की कटकट मिटली,' ही समजूत महाराष्ट्रात खोलवर रुजलेली आहे. गर्भाशयाला 'पिशवी' म्हणण्यातच, मुले झाल्यावर तिचे काम संपले, असा भाव आहे. गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया अनेक व्याधींवर योग्य आणि आवश्यक असते, यात शंका नाही. परंतु गर्भाशयमुखाचा कर्करोग असताना, तो ओळखलेला नसताना किंवा त्याचा टप्पा ठरलेला नसताना, केलेली साधी शस्त्रक्रिया रुग्णाला बरे करण्याऐवजी पुढचा मार्ग अवघड करून ठेवते. असे का होते, हे समजण्यासाठी या रोगाचे स्वरूप पाहावे लागते.

रोग कसा वाढतो

गर्भाशयाचा जो निमुळता खालचा भाग योनिमार्गात उतरतो, ते गर्भाशयमुख. तेथील कर्करोगाच्या जवळपास सर्व प्रकरणांच्या मुळाशी ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही, या विषाणूचा दीर्घकाळ टिकलेला संसर्ग असतो. हा संबंध उलगडून दाखवणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउजेन यांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. या विषाणूचे अनेक प्रकार आहेत. त्यांपैकी १६ आणि १८ क्रमांकाचे दोन प्रकार सुमारे ७० टक्के कर्करोगांना कारणीभूत ठरतात. संसर्ग अतिशय सर्वसामान्य आहे आणि बहुतेक स्त्रियांच्या शरीरातून तो आपोआप नाहीसा होतो. त्यामुळे या रोगाचा कुणाच्या चारित्र्याशी संबंध जोडणे हे अज्ञानाचे लक्षण होय.

ज्या थोड्या स्त्रियांत विषाणू टिकून राहतो, त्यांच्या गर्भाशयमुखाच्या पेशींत हळूहळू बदल घडतात. या पूर्वावस्थेपासून प्रत्यक्ष कर्करोगापर्यंत जाण्यास साधारणतः १५ ते २० वर्षे लागतात. प्रतिकारशक्ती दुबळी असल्यास, उदाहरणार्थ उपचार न घेतलेल्या एचआयव्ही संसर्गात, हा काळ ५ ते १० वर्षांवर येतो. एवढी दीर्घ सवड देणारे कर्करोग फार थोडे आहेत. तरीही आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा रोग नव्याने झाला आणि जवळजवळ ८० हजार स्त्रिया त्याने मृत्यू पावल्या.

पूर्वावस्थेत कसलाही त्रास होत नाही. संबंधानंतरचा रक्तस्राव, दोन पाळ्यांच्या मधले रक्त, दुर्गंधीयुक्त पांढरे जाणे, रजोनिवृत्तीनंतरचे रक्त ही लक्षणे दिसू लागतात तेव्हा बहुधा रोग सुरू झालेला असतो. कंबरदुखी, एका पायाला सूज, लघवी अडणे ही त्याहून पुढची पायरी. लक्षण दिसल्यावर डॉक्टरांनी उपकरण घालून गर्भाशयमुख प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहणे हे पहिले कर्तव्य. सोनोग्राफीचा अहवाल 'नॉर्मल' असला तरी ही तपासणी टाळता येत नाही. संकोचापोटी अनेक स्त्रिया आतून तपासू देत नाहीत, गर्दीच्या वेळी डॉक्टरही आग्रह धरत नाहीत, आणि गोळ्या-औषधांवर सहा महिने निघून जातात.

पिशवी असणे हीच उपचाराची सोय

गर्भाशयमुखावर गाठ किंवा व्रण दिसत असेल, तर प्रथम त्याचा लहानसा तुकडा काढून बायोप्सी करावी लागते. कर्करोग सिद्ध झाल्यावर एमआरआय व अन्य तपासण्यांनी त्याचा विस्तार मोजला जातो. रोग अगदी सूक्ष्म असेल तर शंकूच्या आकाराचा छोटा भाग काढून, क्वचित गर्भाशय राखूनही, काम भागते. रोग गर्भाशयमुखापुरता आणि लहान असेल तर 'रॅडिकल हिस्टरेक्टॉमी' केली जाते. तीत गर्भाशयासह त्याच्या बाजूच्या ऊती, योनिमार्गाचा वरचा भाग आणि ओटीपोटातील लसिका ग्रंथी काढतात. मूत्रवाहिन्या मोकळ्या करीत केलेली ही शस्त्रक्रिया नेहमीच्या 'पिशवी काढण्या'हून सर्वस्वी वेगळी आहे. ती स्त्री-कर्करोग शल्यतज्ज्ञाचे काम आहे.

रोग बाजूच्या ऊतींत शिरला असेल, तर शस्त्रक्रियेचा मार्ग बहुधा बंद होतो आणि किरणोपचार हाच मुख्य उपचार ठरतो. याचे दोन भाग असतात. पहिल्यात यंत्राद्वारे बाहेरून संपूर्ण ओटीपोटावर किरण दिले जातात. रुग्णांच्या भाषेत याला 'लाइट देणे' म्हणतात. आठवड्यातून पाच दिवस, सुमारे पाच आठवडे हे चालते आणि बरोबर आठवड्यातून एकदा सिस्प्लॅटिन हे औषध शिरेवाटे दिले जाते. दुसरा भाग ब्रेकीथेरपीचा, म्हणजे आतून द्यावयाच्या किरणांचा. यात एक बारीक नळी गर्भाशयाच्या पोकळीत सरकवतात, इतर दोन योनिमार्गात गर्भाशयमुखाला टेकवून ठेवतात आणि त्यांतून किरणोत्सर्गी स्रोत काही मिनिटांसाठी गाठीच्या अगदी जवळ नेला जातो. बाहेरून जितकी मात्रा दिल्यास आतडे आणि मूत्राशय जळून निघाले असते, तितकी मात्रा अशा रीतीने केवळ गाठीला देता येते. ब्रेकीथेरपीशिवाय गर्भाशयमुखाच्या वाढलेल्या कर्करोगाचा किरणोपचार अपुरा राहतो.

ही नळी बसते ती गर्भाशयाच्या पोकळीत. साध्या शस्त्रक्रियेने 'पिशवी' काढून टाकली असेल आणि मागे रोग उरला असेल, तर नळी ठेवायला जागाच राहत नाही. योनिमार्गातून देता येणारी मात्रा मर्यादित असते. शिवाय गर्भाशय नाहीसे झाल्यामुळे आतडी खाली उतरून किरणांच्या वाटेत येतात. अशा रुग्णाला पुन्हा मोठी शस्त्रक्रिया किंवा सर्व दोष पत्करून किरणोपचार एवढेच पर्याय शिल्लक राहतात. म्हणून, कोणत्याही कारणाने गर्भाशय काढायचे ठरले तरी शस्त्रक्रियेपूर्वी गर्भाशयमुखाची तपासणी झाली आहे काय, पॅप स्मीअर किंवा एचपीव्ही चाचणीचा अहवाल आहे काय, हा प्रश्न रुग्णाने आणि नातेवाइकांनी विचारलाच पाहिजे. चांगल्या स्त्रीरोगतज्ज्ञाला या प्रश्नाचा राग येत नाही.

याची दुसरी बाजूही सांगणे भाग आहे. कर्करोगाची भीती घालून किंवा घेऊन, गरज नसताना गर्भाशय काढल्याची उदाहरणे नगरच्या शेजारी बीड जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर उघडकीस आली. २०१९ मध्ये विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे जी आकडेवारी आली, तीनुसार पाहणी झालेल्या ८२ हजार ३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३ हजार ८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. हंगामात नगरसह पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांच्या फडांत राबणाऱ्या याच स्त्रिया. एकीकडे पूर्वावस्थेच्या किंवा साध्या सुजेच्या नावाखाली गर्भाशय जाते, दुसरीकडे खरा कर्करोग वेळेवर सापडत नाही. दोन्हींच्या मुळाशी तपासणीचा अभाव आहे. पूर्वावस्था आढळली तरी कोल्पोस्कोपीखाली पाहून तेवढाच भाग गोठवणे, उष्णतेने नष्ट करणे किंवा विजेच्या तारेने कापून काढणे एवढ्याने बहुतेकींचे काम होते. त्यासाठी बहुधा भूलही लागत नाही आणि गर्भाशय जागेवर राहते.

महाराष्ट्रानेच दिलेला पुरावा

तपासणीने जीव वाचतात, याचे जगभर मानले गेलेले पुरावे महाराष्ट्रातल्याच गावांतून आणि वस्त्यांतून आले, ही गोष्ट मराठी वाचकाला फारशी ठाऊक नसते. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८२ पासून नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय उभे आहे. १९८७ मध्ये तेथे सुरू झालेली कर्करोग नोंदणी ही देशातली पहिली ग्रामीण लोकसंख्याधारित नोंदणी. गावोगाव केवळ माहिती देत फिरल्यानेही स्त्रिया रोगाच्या आधीच्या टप्प्यावर रुग्णालयात येऊ लागतात, हे डॉ. कस्तुरी जयंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले.

पुढे याच बार्शीच्या आधाराने, टाटा मेमोरियल आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या साहाय्याने, तेव्हाच्या उस्मानाबाद म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात मोठी चाचणी झाली. ५२ गावगटांतील ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रिया चार गटांत विभागल्या गेल्या : एकीत एचपीव्ही चाचणी, दुसरीत पॅप स्मीअर, तिसरीत ॲसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी तपासणी आणि चौथ्या गटात नेहमीचीच आरोग्यसेवा. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने पुढच्या आठ वर्षांत वाढलेल्या टप्प्याचे कर्करोग आणि मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणले. चौथ्या गटातील स्त्रियांना तपासणीविना ठेवण्यावर पुढे नैतिक आक्षेपही घेतले गेले, आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नव्हते.

मुंबईतल्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांवर केलेला प्रयोग त्याहून साधा होता. दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक आरोग्यसेविकांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून दर दोन वर्षांनी ॲसिटिक आम्लाची तपासणी करवून घेण्यात आली. पातळ आम्ल लावल्यावर पूर्वावस्थेचा भाग पांढरा दिसतो, एवढेच तिचे तत्त्व. या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. याच तपासणीचा अवलंब केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत करण्यात आला : ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी तपासणी.

प्रत्यक्षात काय झाले? २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातील ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधी तरी करवून घेतलेल्यांचे प्रमाण १.९ टक्के निघाले. पुरावा देणाऱ्या राज्यातल्या शहरी, सुशिक्षित घरांतही रक्तातील साखर दर सहा महिन्यांनी तपासली जाते आणि पॅप स्मीअर एकदाही झालेली नसते.

प्रतिबंधक लसीबद्दल थोडक्यात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या 'सर्व्हावॅक' या देशी लशीला जुलै २०२२ मध्ये मान्यता मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये ९ ते २० वयोगटासाठी एक किंवा दोन मात्रा पुरेशा ठरवल्या. लस संसर्गापूर्वी घेतली तर उत्तम काम करते. झालेला रोग ती बरा करीत नाही, आणि लस घेतलेल्या स्त्रीनेही तिशीनंतर तपासणी चालू ठेवावयाची असते.

छप्पन्न दिवसांचा हिशेब

किरणोपचारातील सर्वांत दुर्लक्षित औषध म्हणजे वेळ. बाहेरचे आणि आतले किरण मिळून सारा उपचार आठ आठवड्यांत, म्हणजे ५६ दिवसांत, पूर्ण व्हावा असा दंडक आहे. त्यापुढे लांबणाऱ्या प्रत्येक दिवसागणिक रोग आटोक्यात येण्याची शक्यता घटत जाते. लग्नसराई, पेरणी, दिवाळी, मुलीचे बाळंतपण अशा कारणांनी मध्येच घरी जाणाऱ्या स्त्रियांचे नुकसान येथे होते. बाहेरचे किरण संपल्यावर बरे वाटू लागते, रक्त थांबते आणि ब्रेकीथेरपी राहून जाते, हाही नेहमीचा अनुभव.

केवळ किरण द्यावे की सोबत सिस्प्लॅटिनही, या प्रश्नाचे उत्तरही मुंबईतून आले. ओटीपोटाच्या भिंतीपर्यंत पोहोचलेल्या रोगाच्या ८५० स्त्रियांवरील टाटा मेमोरियलच्या अभ्यासात (२०१८) पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण नुसत्या किरणांनी ४६ टक्के, तर औषधाच्या जोडीने ५४ टक्के आढळले. आठ टक्क्यांचा फरक कागदावर लहान दिसतो. दर शंभर स्त्रियांत तो आठ घरांचा आहे. आधी केमोथेरपी देऊन गाठ लहान करून मग शस्त्रक्रिया करावी, हा एके काळी लोकप्रिय असलेला मार्गही तेथेच त्याच सुमारास तपासला गेला आणि किरण-औषधांच्या एकत्रित उपचारापेक्षा कमी पडला. २०२४ मध्ये भारतासह पाच देशांतील ५०० स्त्रियांच्या अभ्यासातून, मुख्य उपचारापूर्वी सहा आठवडे साप्ताहिक औषधे दिल्यास पाच वर्षांचे जीवितप्रमाण ७२ वरून ८० टक्क्यांवर जाते, असे दिसले. हे प्रत्येकीला लागू पडतेच असे नाही. मूत्रपिंडाचे काम, रक्ताचे प्रमाण, वय पाहून डॉक्टर ठरवतात.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे आकर्षण शहरी रुग्णांत मोठे आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात मात्र तिने सावध केले आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६३१ स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, दुर्बिणीने किंवा रोबोने रॅडिकल शस्त्रक्रिया केलेल्या गटात रोग उलटण्याचे आणि मृत्यूचे प्रमाण पोट उघडून केलेल्या गटापेक्षा अधिक निघाले. लहान व्रण म्हणजे चांगला उपचार, हे समीकरण येथे चालत नाही.

गर्भाशय आणि अंडाशय

गर्भाशयाच्या आतील अस्तराचा कर्करोग वेगळा. लठ्ठपणा आणि मधुमेह यांच्याशी त्याचे नाते असल्याने शहरांत त्याची चिंता वाढती आहे. सुदैवाने तो लवकर बोलतो : पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर आलेला रक्ताचा एक डागही बायोप्सीस पुरेसे कारण आहे. येथे शस्त्रक्रिया हाच पहिला उपचार आणि दुर्बिणीची शस्त्रक्रियाही चालते.

अंडाशयाचा कर्करोग याउलट मुका. पोट फुगणे, लवकर पोट भरल्यासारखे वाटणे, वारंवार लघवी अशी पित्ताची वाटावीत अशी लक्षणे असतात. सीए-१२५ ही रक्तचाचणी आणि सोनोग्राफी यांनी धडधाकट स्त्रियांची सरसकट चाळणी करून मृत्यू कमी होत नाहीत, हे ब्रिटनमधील दोन लाखांहून अधिक स्त्रियांच्या दीर्घ अभ्यासातून २०२१ मध्ये स्पष्ट झाले. संशयास्पद गाठ सुई टोचून रिकामी करणे किंवा पोटात फोडणे हे टाळावे लागते, कारण त्यातून रोग पोटभर पसरू शकतो. पहिल्याच शस्त्रक्रियेत दिसणारा सारा रोग काढला जाणे हा या कर्करोगातील सर्वांत मोठा आधार असल्याने येथेही पहिला शल्यतज्ज्ञ कोण, हा प्रश्न निर्णायक असतो. आई, बहीण, मावशी यांना स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झालेला असल्यास बीआरसीए जनुकांची चाचणी विचारात घ्यावी.

उपचारानंतर

किरणोपचारानंतर योनिमार्ग आकसतो, कोरडा पडतो. अंडाशयांचे काम थांबून तरुण वयातच रजोनिवृत्ती येते. यावर मलमे, व्यायाम, विस्तारक साधने असे उपाय आहेत, परंतु त्याबद्दल स्त्री विचारत नाही आणि पतीला कोणी सांगत नाही. संबंधातून रोग पतीला लागतो किंवा पुन्हा उलटतो, या गैरसमजाने अनेक संसार अबोल झालेले आहेत. जुलाब, लघवीतून रक्त, पायाची सूज अशा तक्रारी वर्ष-दोन वर्षांनीही उद्भवू शकतात. पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी, नंतर पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी तपासणीला जावे लागते. रोग बरा होण्यापलीकडे गेला असेल तरी वेदनाशमन हा उपचारच आहे. पुण्यात वारजे येथील सिप्ला पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून अशा रुग्णांची विनामूल्य सेवा करीत आहे.

नगरहून कोठे जावे

सावेडीतील घराला निदानाच्या दिवशी पडणारा पहिला प्रश्न पत्त्याचा असतो. रुग्णालय निवडताना इमारतीपेक्षा तीन गोष्टी पाहाव्यात. स्त्री-कर्करोगाचे शल्यतज्ज्ञ, किरणोपचारतज्ज्ञ आणि औषधोपचारतज्ज्ञ एकत्र बसून प्रत्येक रुग्णाचा विचार करतात काय? ब्रेकीथेरपी त्याच ठिकाणी होते की दुसऱ्या गावी पाठवतात? पेशींचा अहवाल कर्करोगाचा अनुभव असलेला विकृतिशास्त्रज्ञ वाचतो काय? जवळच्या रुग्णालयात या तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तर मुंबईचा हट्ट धरण्याचे कारण नाही. आठ आठवड्यांच्या उपचारात घराची जवळीक हीसुद्धा सोय असते.

नगरच्या एका बाजूला सुमारे १२० किलोमीटरवर पुणे आहे, दुसऱ्या बाजूला जवळपास तेवढ्याच अंतरावर छत्रपती संभाजीनगर. तेथील शासकीय कर्करोग रुग्णालयाला राज्य कर्करोग संस्थेचा दर्जा आहे. मराठवाड्याच्या बाजूला बार्शी, आणि गुंतागुंतीच्या प्रकरणी परळचे टाटा मेमोरियल, जे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झालेली ही योजना २०१७ पासून नव्या नावाने ओळखली जाते. २०२३ च्या शासन निर्णयाने तिचे संरक्षण कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत वाढवून राज्यातील सर्व कुटुंबांसाठी ती खुली करण्यात आली. शिधापत्रिका आणि आधार घेऊन योजनेत समाविष्ट रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटावे. पैसे भरण्यापूर्वी भेटावे हे महत्त्वाचे, कारण भरलेली रक्कम परत मिळवणे कठीण जाते. एस.टी. आणि रेल्वे या दोन्हींत कर्करुग्णांना भाड्यात सवलत मिळते, त्यासाठी उपचार करणाऱ्या रुग्णालयाचा दाखला लागतो. मुंबईत उतरण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा टाटाच्या रुग्णांचा जुना आसरा आहे.

निघताना फाइलमध्ये केवळ अहवालाचा कागद नेऊन भागत नाही. बायोप्सीच्या काचपट्ट्या आणि मेणात जतन केलेले तुकडे, ज्यांना प्रयोगशाळेत 'ब्लॉक' म्हणतात, ते सोबत न्यावेत. मोठ्या रुग्णालयात ते पुन्हा तपासले जातात आणि कधी कधी निदान बदलते. आधी शस्त्रक्रिया झालेली असल्यास तिची सविस्तर नोंद, एमआरआयच्या फिल्म किंवा सीडी, हिमोग्लोबिन व क्रिएटिनिनचे ताजे अहवाल हेही लागतात. प्रयोगशाळेकडून ब्लॉक मागून घेणे हा रुग्णाचा हक्क आहे. ते मिळण्यास एक-दोन दिवस लागतात, म्हणून तारकपूर स्थानकावरून गाडी धरण्याच्या दिवशी सकाळी नव्हे, तर निदान कळले त्याच दिवशी मागणीचा अर्ज द्यावा.